डॉक्टरांनी ‘बेड रेस्ट’ सांगितली, म्हणजे नक्की किती झोपायचं?

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान या नावाने हा कार्यक्रम २०१६ पासून देशभर सुरू आहे. पेण आणि रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलं की वजन, रक्तदाब, रक्त आणि लघवी तपासली जाते, डॉक्टर पोट तपासतात आणि माता व बाल संरक्षण कार्डावर एक स्टिकर लागतो. हिरवा असेल तर सगळं ठीक. लाल असेल तर ‘अतिजोखमीची गरोदर माता’.

लाल स्टिकरसोबत अनेकदा केसपेपरवर आणखी दोन शब्द येतात : बेड रेस्ट.

घरी पोहोचल्यावर या दोन शब्दांचे जेवढी माणसं तेवढे अर्थ निघतात. आई म्हणते, आता पलंगावरून पाय खाली ठेवायचा नाही. सासूबाई म्हणतात, आम्ही नऊ महिने लावणी केली, आम्हाला कुठे काय झालं? नवरा मोबाईलवर शोधतो आणि त्याला दोन्ही बाजूंचे व्हिडिओ सापडतात. जिला सांगितलंय ती मात्र आंघोळीला उभं राहायचं की स्टुलावर बसायचं, याचाच विचार करत असते.

गंमत अशी की याचं एकच उत्तर डॉक्टरांकडेही नाही. आणि गेल्या वीसेक वर्षांत जगभरात जे संशोधन झालं, त्याने ‘नुसतं झोपून राहा’ या सल्ल्यावरच प्रश्नचिन्ह लावलं आहे.

लाल स्टिकर कशामुळे लागतो?

कारणं बरीच आहेत आणि ती एकमेकांसारखी नाहीत. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त असणं, हिमोग्लोबिन ७ च्या खाली असणं, मधुमेह, जुळी बाळं, आधीचं सिझेरियन, आधीचे गर्भपात किंवा दिवस भरण्याआधी झालेली बाळंतपणं, वार गर्भपिशवीच्या तोंडाशी असणं, बाळाची वाढ कमी असणं, आईचं वय फार कमी किंवा ३५ च्या पुढे असणं. काही ठिकाणी लालखेरीज निळा आणि पिवळा स्टिकरही वापरतात. निळा गरोदरपणात वाढलेल्या रक्तदाबासाठी, पिवळा मधुमेह किंवा थायरॉईडसारख्या सोबतच्या आजारांसाठी.

ही यादी नीट पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर आडवं पडण्याचा थेट उपाय म्हणून काही उपयोग नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळ्या लागतात, फारच कमी असेल तर शिरेतून लोह किंवा रक्त द्यावं लागतं. झोपून रक्त वाढत नाही. साखर वाढली असेल तर उलट जेवणानंतर थोडं चाललेलं बरं, असंच डॉक्टर सांगतात. त्यामुळे केसपेपरवर ‘बेड रेस्ट’ दिसलं की पहिला प्रश्न ‘किती झोपू?’ हा नाही. ‘कशासाठी झोपू?’ हा आहे.

झोपून राहण्याचा फायदा सिद्ध झाला आहे का?

गर्भाशयावर भार पडू नये, बाळाकडे रक्त जास्त जावं, कळा लवकर येऊ नयेत, हा बेड रेस्टमागचा विचार. ऐकायला पटतो. पण त्याची तपासणी केली तेव्हा हाती फारसं लागलं नाही.

वैद्यकीय संशोधनाचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने एकच बाळ पोटात असलेल्या, मुदतपूर्व प्रसूतीचा धोका असलेल्या महिलांबद्दलचे अभ्यास तपासले. झोपून राहिल्याने मुदतपूर्व प्रसूती टळते असं म्हणण्याएवढा पुरावा मिळाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये गरोदरपणातल्या रक्तदाबाबद्दल शिफारशी दिल्या. त्यातही रक्तदाब असलेल्या महिलांना सक्तीची बेड रेस्ट देऊ नये असं म्हटलं आहे. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही ती सरसकट सुचवत नाही.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक अभ्यास तर बुचकळ्यात टाकणारा आहे. गर्भपिशवीचं तोंड आखूड झालेल्या ६५७ महिलांची माहिती त्यात तपासली गेली. ज्यांना हालचाल कमी करायला सांगितली होती, त्यांच्यात ३७ टक्के महिलांची प्रसूती ३७ आठवड्यांच्या आधी झाली. ज्यांना असं काही सांगितलं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण १७ टक्के होतं. यावरून ‘झोपल्यामुळे लवकर बाळंतपण झालं’ असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण ज्यांची तब्येत जास्त नाजूक त्यांनाच डॉक्टर विश्रांती सांगणार. पण झोपल्याने संरक्षण मिळालं, असंही त्यातून दिसत नाही.

मग डॉक्टर अजूनही का सांगतात? एक कारण सवयीचं आहे. दुसरं आपल्याकडचं. ‘बेड रेस्ट’ हे शब्द केसपेपरवर लिहिले की सुनेला हंडे उचलण्यापासून, शेतात वाकण्यापासून, गॅससमोर तीन तास उभं राहण्यापासून सुटका मिळते. ‘जड काम कमी करा’ एवढंच लिहिलं तर घरात त्याला कुणी फारशी किंमत देत नाही. कित्येकदा ते दोन शब्द रुग्णासाठी नसतात, घरच्यांसाठी असतात.

पेणच्या खारेपाट भागात तर हा मुद्दा आणखी टोकदार होतो. हेटवणे धरण तालुक्यातच असूनही खाडीलगतच्या या गावांना वर्षानुवर्षं पिण्याच्या पाण्याची टंचाई सोसावी लागली आहे. जिथे टँकर आला की हंडे घेऊन धावायचं, तिथे विश्रांती म्हणजे पलंग नव्हे. विश्रांती म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी पाणी भरणं.

शिरोडकरांचा टाका

गर्भपिशवीचं तोंड वेळेआधी उघडणं, हे बेड रेस्टचं सगळ्यात जुनं कारण. अशा महिलांचा गर्भ चौथ्या ते सातव्या महिन्यात, फारशा कळा न येताच पडतो आणि पुन्हा पुन्हा पडतो. एकेकाळी त्यावर महिनोन्‌महिने झोपून राहण्यापलीकडे फार काही हातात नव्हतं.

ते बदललं मुंबईत. गोव्यातल्या शिरोडा गावी १८९९ मध्ये जन्मलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी गर्भपिशवीच्या तोंडाभोवती टाका घालून ते बंद ठेवण्याची शस्त्रक्रिया विकसित केली आणि १९५५ मध्ये ती प्रसिद्ध केली. सुरुवातीला ते टाक्यासाठी महिलेच्याच मांडीतल्या ऊतीची पट्टी वापरत. दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या इयन मॅकडोनल्ड यांनी याची सोपी पद्धत सांगितली, आणि आज बहुतेक ठिकाणी तीच वापरली जाते. तरी जगभरातल्या पाठ्यपुस्तकांत ‘शिरोडकर स्टिच’ हे नाव अजून आहे. भारत सरकारने त्यांना १९७१ मध्ये पद्मविभूषण दिलं.

सांगायचा मुद्दा असा की टाका घातल्यावर ‘आता डिलिव्हरीपर्यंत उठायचं नाही’ असा जो समज आहे, त्यालाही आज आधार नाही. पहिले काही दिवस जपायचं, जड उचलायचं नाही, संबंधांबद्दल डॉक्टरांना विचारायचं. साधारण ३६-३७ आठवड्यांना टाका काढतात. त्याआधी कळा सुरू झाल्या किंवा पाणमोट फुटली तर मात्र तातडीने रुग्णालय गाठावं लागतं, कारण टाका तसाच राहिला तर गर्भपिशवीच्या तोंडाला इजा होऊ शकते.

वार खाली असण्याची गोष्ट वेगळी. तिथे भीती रक्तस्रावाची असते, म्हणून संबंध, लांबचा प्रवास आणि जड काम बंद. रक्तस्राव होऊन गेला असेल तर डॉक्टर रुग्णालयातच राहायला सांगू शकतात. ते पलंगासाठी नसतं. रक्त आणि ऑपरेशन थिएटर जवळ असावं म्हणून असतं.

झोपून राहिल्याने शरीराचं काय होतं?

अंतराळवीरांच्या शरीरावर काय परिणाम होतात हे जमिनीवरच कळावं म्हणून अंतराळ संस्था धडधाकट माणसांना आठवडेच्या आठवडे पलंगावर झोपवून ठेवतात. स्नायू कमी होतात, हाडं विरळ होतात, उभं राहिल्यावर चक्कर येते. गरोदर बाईचं शरीर याला अपवाद नाही.

त्यात एक जास्तीचा धोका आहे. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. हालचाल थांबली की पायातल्या शिरांमध्ये गाठ होण्याची शक्यता आणखी वाढते. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं, पाय गरम लागणं, किंवा अचानक धाप लागणं, यातलं काहीही झालं तर तो थकवा समजू नका.

म्हणून पूर्ण झोपायला सांगितलं असेल तरी डॉक्टरांना विचारून जागच्या जागी पाय हलवत राहायला हवेत. घोटे गोल फिरवणं, पावलं पुढे-मागे करणं, गुडघे वाकवून सरळ करणं, दर तासाला पाच मिनिटं. पाणी पुरेसं प्यायचं. शौचाला खडा होतो, त्यात लोहाच्या गोळ्यांनी भर पडते, म्हणून पालेभाजी, फळं, नाचणीची भाकरी, मोड आलेली कडधान्यं. सरकारी दवाखान्यातून लोहाच्या किमान १८० आणि कॅल्शियमच्या ३६० गोळ्या मोफत मिळतात. दोन्ही एकत्र घेऊ नयेत, कारण कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही. लोहाची गोळी चहासोबत तर नकोच.

आणि कुशीचं. सातव्या महिन्यानंतर उताणं झोपू नये, कारण गर्भाशयाचा भार पाठीमागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतो. पण ‘डावीच कूस’ हा अट्टहास नको. उजव्या कुशीवर झोपल्यानेही बाळाचा धोका वाढलेला दिसलेला नाही. रात्री जाग आली आणि उताण्या झोपलेल्या आढळलात तर घाबरू नका, कूस बदला आणि झोपा.

डॉक्टरांना काय विचाराल?

हे सगळं वाचून स्वतःहून उठून कामाला लागणं चुकीचं ठरेल. तुमचं कारण काय आहे हे तुमच्या डॉक्टरांनाच माहीत आहे. पण पुढच्या तपासणीला घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला सोबत न्या आणि त्याच्यासमोर विचारा. मला विश्रांती कोणत्या कारणासाठी आहे? संडासला, आंघोळीला उठू का? बसून भाजी चिरली तर चालेल? जिना चढू का? रिक्षातून, एसटीतून प्रवास चालेल? संबंध ठेवायचे का? हे कितव्या आठवड्यापर्यंत, आणि परत कधी ठरवायचं?

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. पाचव्या महिन्यात वार खाली दिसलेल्या बऱ्याच महिलांमध्ये गर्भाशय वाढतं तशी ती वर सरकते. पुढच्या सोनोग्राफीत ते स्पष्ट झालं तरी जुना ‘बेड रेस्ट’चा कागद घरात तसाच चालू राहतो.

उत्तरं कार्डाच्या मागे लिहून घ्या. घरी गेल्यावर वाद होत नाहीत, निदान कमी होतात.

पलंगापेक्षा रस्ता महत्त्वाचा

जोखमीच्या गरोदरपणात जीव वाचतो तो बऱ्याचदा वेळेवर पोहोचल्याने. पेणहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय साधारण तीस किलोमीटर. रोह्याहून, त्यातही कोलाडच्या पुढच्या किंवा डोंगरातल्या वाड्यांवरून, अंतर आणि वेळ दोन्ही वाढतात. तिथूनही पुढे पाठवायचं झालं तर पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबई. मध्ये मुंबई-गोवा महामार्ग आहे, ज्याच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण वर्षानुवर्षं रखडलं. गणपतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत वडखळ नाक्याला काय होतं हे पेणकरांना वेगळं सांगायला नको. ज्यांची तारीख भाद्रपदात आहे आणि ज्यांचा स्टिकर लाल आहे, त्यांनी गर्दी सुरू होण्याआधीच मोठ्या रुग्णालयाजवळ राहायला जाण्याबद्दल डॉक्टरांशी बोललेलं बरं.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तातडीसाठी आहे आणि १०२ ची गरोदर माता व बाळांसाठी. दोन्ही मोफत. तरीही रात्री दोन वाजता गावातली कोणती गाडी निघेल, तिचा चालक कोण, कोणाचा रक्तगट जुळतो, हे आठव्या महिन्यातच ठरलेलं असावं.

कधी निघायचं? अंगावरून लाल गेलं, पाणी गेलं, डोकं सतत दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, छातीच्या खाली पोटात वरच्या बाजूला दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज, झटका, ताप, दिवस भरण्याआधी ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर ‘सकाळी बघू’ नको. हालचाल जाणवते की नाही हे झोपून असलेल्या बाईला सगळ्यात आधी कळतं. दिवसभर पडून राहण्याचा हा एक खरा फायदा.

२४ ते ३४ आठवड्यांदरम्यान मुदतपूर्व कळा आल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात, दर १२ तासांनी एक अशी चार. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिला डोस एएनएमही देऊन पुढे पाठवू शकते. म्हणून कळा आल्या की थेट मुंबईकडे गाडी पळवण्याआधी वाटेतल्या सरकारी दवाखान्यात थांबणं शहाणपणाचं ठरू शकतं.

माहेरी जाताना

आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यात, डोहाळजेवण उरकून माहेरी जाते. रोह्याची मुलगी मुंबईहून रोह्याला येते, पेणची सून महाडला जाते. नेमक्या याच वळणावर तपासण्यांची साखळी तुटते. सासरच्या आशाताईंच्या यादीतून नाव खाली उतरतं आणि माहेरच्या आशाताईंना पत्ताच नसतो. सोबत कार्ड, सगळ्या सोनोग्राफी, रक्तगटाचा कागद आणि आरसीएच नोंदणी क्रमांक घेऊन जा, आणि पोहोचल्याच्या आठवड्यात उपकेंद्रात दाखवा. त्या क्रमांकावर देशात कुठेही तपासणी सुरू ठेवता येते.

कातकरी वाड्यांमधल्या महिलांसाठी हे स्थलांतर डोहाळजेवणाचं नसतं, पोटासाठी असतं. भातकापणी झाली की कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. उचल आधीच घेतलेली असते. तिथे दिवसाची मजुरी जोडीवर ठरते, एकटीने थांबणं म्हणजे घराचं कर्ज वाढणं. अशा बाईच्या केसपेपरवर बेड रेस्ट लिहिणं सोपं आहे. तिला त्याऐवजी माती वाहण्याचं काम बदलून मिळणं, भट्टीजवळच्या उपकेंद्रात नोंद होणं आणि लोहाचं इंजेक्शन वेळेवर मिळणं जास्त उपयोगाचं. पेणला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, पण बाई भट्टीवर असेल तर तिच्यापर्यंत पोहोचणारी माणसं म्हणजे त्या गावच्या आशाताई आणि अंगणवाडी सेविकाच.

पैसे आणि रजा

सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि येण्याजाण्याची गाडी, हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून मोफत आहे. कुणी बाहेरून औषध आणायला सांगितलं तर या योजनेचं नाव घेऊन विचारा. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,००० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या महिलांना जननी सुरक्षा योजनेतून ग्रामीण भागात ७०० रुपये मिळतात.

नोकरदार महिलांना, म्हणजे धाटावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांनाही, पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. मात्र त्यातले जास्तीत जास्त आठच आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. पाचव्या महिन्यात बेड रेस्ट सांगितली तर इथेच गणित बिघडतं. गरोदरपणामुळे झालेल्या आजारासाठी डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा कायद्यात आहे, आणि ती फार कमी जणींना माहीत असते. मागणी लेखी करा, पोच घ्या. प्रसूती रजेवर असताना कामावरून काढता येत नाही.

दिवस ढकलायचे कसे?

याबद्दल बोललं कमी जातं. छताकडे बघत काढलेले तीन महिने सोपे नसतात. मोठं मूल असेल तर ते ‘आई, उचल ना’ म्हणत येतं आणि उचलता येत नाही. घरातले सगळे आपल्यासाठी राबताहेत ही टोचणी असते. मागचा गर्भ गेला असेल तर संडासला जाताना प्रत्येक वेळी धास्ती. आणि काही बिघडलं तर ‘तू त्या दिवशी उठली होतीस’ असं म्हणायला कुणीतरी तयारच असतं. वरचं संशोधन त्या माणसाला दाखवा. चार पावलं चालल्याने गर्भ पडत नाही.

झोप उडणं, सतत रडू येणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर तेही तपासणीत सांगण्यासारखं लक्षण आहे. टेली मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. बाकी घरच्यांनी पलंग आतल्या खोलीतून खिडकीपाशी किंवा पडवीजवळ आणला तरी खूप फरक पडतो. मोठ्या मुलाला उचलून घेता येत नसलं तरी शेजारी झोपवून गोष्ट सांगता येते. घरातले हिशेब, बचतगटाची वही, मुलांचा अभ्यास, शेंगा सोलणं, ज्याला डॉक्टरांची परवानगी आहे असं एखादं काम तिच्याकडे राहू द्या.

बाळंतपण झालं की लाल स्टिकर लगेच उतरत नाही. रक्तदाबाचा झटका प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यातही येऊ शकतो, म्हणून अतिजोखमीच्या मातांचा पाठपुरावा प्रसूतीनंतर ४५ दिवसांपर्यंत करायचा असतो. बरेच दिवस झोपून काढलेल्या बाईने पहिल्यांदा उभं राहताना कुणाचा तरी हात धरावा, आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसावं, मग उठावं.